हिशेब खर्चाचा नव्हे, बरे होण्याचा

माजी सैनिकांचा विषय संसदेत निघतो तो बहुधा निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने. त्यांच्या मानसिक आजारांची चर्चा झालीच, तर ती निधी आणि दवाखान्यांच्या आकड्यांपाशी थांबते. उपचारांनंतर किती जण खरोखर सावरले, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

अमेरिकेने 2015 मध्ये 'क्ले हंट' कायदा करून माजी सैनिकांसाठीच्या मानसोपचार व आत्महत्या प्रतिबंधक योजनांचे दरवर्षी त्रयस्थांकडून मूल्यमापन बंधनकारक केले. आघातोत्तर तणावासाठी तेथे 20 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गुण शून्य ते 80. ती ठरावीक काळाने पुन्हा भरून घेतली की उपचार लागू पडतात की बदलायला हवेत, हे कळते. मात्र उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना वगळून काढलेली सरासरी फसवी असते. तसेच याच गुणांवर अपंगत्व निवृत्तिवेतन ठरू लागले, तर मोकळे उत्तर कोण देईल?

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना 2003 पासून आहे. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरला. आता संरक्षण मंत्रालयाने स्थायी समितीपुढे दरवर्षी तीन आकडे ठेवावेत: उपचार सुरू केलेले किती, मध्येच सोडलेले किती आणि सहा महिन्यांनंतर सुधारलेले किती. नावे गुप्त राहावीत, निष्कर्ष नव्हेत. सीमेवर ज्यांच्या सेवेचा दिवसन् दिवस मोजला गेला, त्यांच्या बरे होण्याचीही मोजदाद व्हायला हवी.