टाका त्याला रेकॉर्डला

सरकारी कचेरीत एखादा कारकून साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘टाका त्याला रेकॉर्डला.’ मग तो बिचारा जिन्याखालच्या नाहीतर तळघरातल्या खोलीत जातो, काही महिने शिंका देतो, ओळखीपाळखी लावतो आणि सुटतो. त्याच्या जागी दुसरा नावडता येतो. मी मात्र सुटलो नाही. नगरपालिकेच्या नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मी अभिलेख कक्षातच काढली आणि खरं सांगायचं तर मला तिथं करमायला लागलं.

या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी किती गोष्टी माहीत हव्यात! कुठला कागद ‘अ’ वर्गात म्हणजे कायमचा, कुठला ‘ब’ म्हणजे तीस वर्षांचा, ‘क’ दहाचा, ‘क-१’ पाचाचा आणि ‘ड’ वर्षभराचा. टेबलावरच्या कामाचे सहा गठ्ठे कसे पाडायचे, त्यातला कुठला कधी आपल्याकडे येणार. निंदणीकरण करताना, म्हणजे मुदत संपलेले कागद बाद करताना, यादी कशी करायची, मंजुरी कोणाची घ्यायची. हे त्याला सांगतं कोण? जाणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘त्या कोपऱ्यात साप निघाला होता, सांभाळून.’ झालं प्रशिक्षण. महाराष्ट्राच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फाइल गहाळ झाली की माहिती अधिकारवाले हेच कलम पुढे करतात. शिक्षा कायद्यात नीट लिहून ठेवली आहे, शिकवायचं तेवढं राहून गेलं.

शिकायची सोयच नाही असं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं वेगळं विद्यालय आहे. तिथं एक वर्षाची पदविका मिळते, काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही चालतात. पण नगरपालिकेचा मुख्याधिकारी आपल्या रेकॉर्डकीपरला दिल्लीला पाठवतोय, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही. तुमच्या राहत असेल तर त्या गावचं नाव कळवा.

दुसऱ्या पेशांकडे पाहिलं की असूया वाटते. सीए मंडळींची शाखा जिल्ह्याच्या गावी असते, अभ्यासवर्ग होतात, हजेरीचे तास मोजले जातात. डॉक्टरांना पाच वर्षांत तीस गुण जमवल्याशिवाय महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, म्हणून का होईना, ते रविवारी व्याख्यानाला बसतात. जेवणही चांगलं असतं म्हणे. अमेरिकेत तर खुद्द रेकॉर्डवाल्यांची ‘आर्मा’ नावाची संघटना १९५५ पासून आहे. शहराशहरात तिच्या शाखा आहेत. तिथल्या प्रमाणित रेकॉर्ड व्यवस्थापकाला परीक्षा पास झाल्यावरही दर पाच वर्षांत शंभर गुण मिळवावे लागतात. त्यांचे बिल्ले आणि मेजवान्या मला नकोत. पण गावातल्या गावात, आपल्याच धंद्यातल्या चार माणसांत बसून शिकायचं, ही कल्पना हवी आहे.

आणि ती आपल्याला परकी कुठं आहे? इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथल्या पाक्षिक सभेत कोणीतरी एक कागद घेऊन उभा राहायचा, वाचायचा, आणि बाकीचे त्यावर तुटून पडायचे. ऐकणारा शिकायचाच, वाचणारा त्याहून जास्त. फक्त ही चैन इतिहासकारांना मिळाली, कागद सांभाळणाऱ्याला नाही.

माझ्या निवृत्तीनंतर आम्ही काहीजण महिन्यातून एकदा शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमू लागलो. कोर्टातले एक, सहकारी बँकेतल्या एक मॅडम, खासगी रुग्णालयातला एक तरुण, तहसीलमधल्या एक ताई, साखर कारखान्यातले एक काका. संस्था नोंदवावी असं काकांचं म्हणणं आहे. माझा विरोध आहे. १८६० च्या कायद्याखाली नोंदणी झाली की पहिल्या सभेत अध्यक्षपदावरून भांडण आणि दुसऱ्या सभेत फूट, हा आपला रिवाज मला पाठ आहे.

पहिल्याच बैठकीत मी थक्क झालो. रुग्णालयातला मुलगा म्हणाला, ‘काका, आमच्याकडे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. रुग्णाने मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे.’ तीनच वर्षं! आमचं जन्माचं रजिस्टर तर कायमचं. ‘आणि पोलीस केस असेल तर?’ कोर्टवाल्यांनी विचारलं. ‘ते वेगळे बांधतो. निकाल लागेपर्यंत हात लावत नाही.’ मॅडमनी बँकांचे कागद जपण्याच्या १९८५ च्या नियमांतल्या पाच आणि आठ वर्षांच्या मुदती सांगितल्या आणि हळूच कबूल केलं की मुदत उलटलेलं त्यांच्याकडचं काहीच आजवर बाहेर गेलेलं नाही. का? ‘उद्या कोणी मागितलं तर?’ या ‘उद्या कोणी मागितलं तर’ने महाराष्ट्रातल्या निम्म्या रेकॉर्ड रूम भरल्या आहेत असा माझा अंदाज आहे. त्या गर्दीत जे खरोखर कोणी मागतं, ते सापडत नाही.

बाकी गोष्टी बारीक असतात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, टाचणीचा गंज पानात उतरतो, रॅक भिंतीपासून वीतभर लांब ठेवला की वाळवीची माती वेळेत दिसते. स्कॅनिंगवर मात्र आम्ही दोन बैठका घालवल्या. कंत्राटदाराला पानामागे पैसे मिळतात, त्यामुळे पानं भराभर स्कॅन होतात आणि त्यांची नावं म्हणून नुसते आकडे पडतात. पूर्वी कागद हरवायला वाळवी लागायची किंवा आग लागायची, जशी २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागली. आता कागद संगणकात जसाच्या तसा असतो, पण कोणाला सापडत नाही.

ताईंचा अनुभव सगळ्यांत मोठा. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचे आदेश आले आणि रेकॉर्ड रूमपुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. गाव नमुना चौदाची पुस्तकं, शाळांची जनरल रजिस्टरं, जुने महसुली कागद, कित्येक मोडीतले. मोडी वाचणारे शोधायची पळापळ झाली. ताईंनी त्याच दिवसांत रात्री बसून मोडी गिरवली. आता आमच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं त्या फळ्यावर मोडी शिकवतात. कोर्टवाल्यांचा ‘र’ अजून जमत नाही.

एवढं होऊनही कोणाच्या कार्यालयाने या शनिवारची हजेरी सेवापुस्तकात घ्यायची तयारी दाखवलेली नाही. रुग्णालयातल्या मुलाने रजेचा अर्ज केला तेव्हा साहेबांनी विचारलं, रेकॉर्डमध्ये शिकण्यासारखं काय असतं? मला विचाराल तर तासांची नोंद ही पहिली मागणी असावी, मानधन वगैरे मागाहून.

पुढच्या बैठकीचा विषय ठरला आहे आणि वाद आताच पेटला आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो, काम संपलं आणि दुसरा कायदा आड येत नसला की माणसाची माहिती पुसून टाका. मॅडम म्हणतात, म्हणजे आता न फेकणं हाही गुन्हा. काका म्हणतात, आमच्या ऊस उत्पादकांच्या नोंदी मी मेल्याशिवाय कोणी पुसणार नाही. रुग्णालयातल्या मुलाने २००५ चा आणि २०२३ चा असे दोन्ही कायदे छापून आणायचं कबूल केलं आहे आणि चहा यावेळी बँकेकडून आहे.