‘रीडेव्हलपमेंटला जाणार आहे’

मुलुंड-बोरिवलीतली जुनी इमारत आज दलाल एकाच वाक्यावर विकतो : ‘रीडेव्हलपमेंटला जाणार आहे.’ जाईलही. पण कधी, आणि तोवर काय? गोरेगावच्या सिद्धार्थनगरातल्या पत्राचाळीची 672 कुटुंबं 2008 च्या रीडेव्हलपमेंट करारावर विसंबली. काम रखडलं आणि 2022 मध्ये म्हाडाला ते पुन्हा सुरू करावं लागलं. घाटकोपर, विलेपार्ल्याच्या काही भागांत तर विमानतळाच्या फनेल झोनची उंचीमर्यादा. चटईक्षेत्र कागदावर कितीही मिळो, मजले चढत नाहीत.

भाड्याचा हिशेबही असाच गृहीत धरलेला. समजा, अंधेरीत दीड कोटीचा फ्लॅट, भाडं महिना 40 हजार. म्हणजे वर्षाला 3.2 टक्के, तेही मेंटेनन्स आणि दलाली न वजा करता. मुद्रांक शुल्काचे 6 टक्के, म्हणजे 9 लाख, खरेदीच्याच दिवशी गेले. जवळपास दोन वर्षांचं भाडं! यावर ‘मुंबईत जागेचा भाव पडत नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं.

नव्या प्रकल्पाची ताबा-तारीख पुढे ढकलली गेली का, हे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. रीडेव्हलपमेंटच्या आशेवर विकल्या जाणाऱ्या जुन्या इमारतीत मात्र सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स तरी झालंय का, हे टोकन देण्याआधी सेक्रेटरींना विचारून घ्यावं.