रविवारपुरते ब्रदर नकोत

पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणारे तरुण तिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतात. त्याच आवारातली पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी प्रशिक्षण संस्था, १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. झारखंड, केरळ, तमिळनाडू, ईशान्य भारत अशा दूरदूरच्या भागांतून ही मुले येतात. लोक त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. शिकणे इंग्रजीत आणि सुटीच्या दिवशी लोकांमध्ये काम करायला जायचे ते मराठी वस्तीत.

या जाण्यामागे चर्चचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाबद्दल आदेश काढला. विद्यार्थ्यांनी शिकत असतानाच लोकांमध्ये काम करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये हा मुद्दा आणखी पुढे नेला. सगळ्या शिक्षणाचा रोख अखेर लोकसेवेकडेच असायला हवा, असे त्यांनी बजावले.

मग उणीव कुठे राहते? भाषेत.

वस्तीतल्या एखाद्या आजीला निराधार योजनेचे पैसे दोन महिने आलेले नसतात. हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो, बँकेचे पासबुक सुनेकडे असते आणि सुनेशी बोलणे बंद असते. ही सगळी गुंतागुंत आजी सांगते ती भराभर, मध्येच डोळे पुसत, आपल्या गावाकडच्या मराठीत. समोरच्या ब्रदरला त्यातले निम्मेच कळले तर तो प्रार्थना म्हणेल, हात जोडेल आणि निघेल. आजीचा दाखला तसाच राहील. न कळणाऱ्या माणसाभोवती संशयही लवकर जमतो. ‘हे लोक इथे कशाला येतात?’ असे शेजाऱ्याने विचारले, तर ब्रदरला स्वच्छ मराठीत उत्तर देता यायला हवे.

लोकांचे ऐकून घेणारे विद्यार्थी काय उभे करू शकतात, हे केरळात दिसले. कोट्टायमच्या सेमिनरीतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९८१ मध्ये कैद्यांसाठी काम सुरू केले. त्यातूनच ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही देशभर पसरलेली चळवळ वाढली.

महाराष्ट्र-गोव्याकडे तर याहून जुना दाखला आहे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या इंग्रज फादर स्टीफन्स यांनी इथली भाषा इतकी आपलीशी केली, की १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या आहेत. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले, हरित वसईच्या लढ्यात उतरले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. मराठीमुळेच त्यांचे म्हणणे चर्चच्या आवाराबाहेरही पोचले.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ब्रदर शिकून आपापल्या प्रांतात परतणार. मग त्यांनी मराठीत वेळ का घालवावा? पण परक्या वस्तीत जाऊन तिची भाषा कानाआड न करण्याची सवय एकदा लागली, की ती पुढे कोणत्याही प्रांतात कामी येते. आणि आपल्या प्रांतातही लोकांच्या जवळ जावेच लागते: तमिळनाडूच्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी चेन्नईत ‘अरुळ कडल’ हे ईशज्ञानाचे केंद्र तमिळ लोकजीवनाच्या आधारानेच उभे केले.

पुण्या-मुंबईच्या सेमिनरींनी म्हणून तीन गोष्टी ठरवाव्यात. ईशज्ञानाचे वर्ग सुरू होण्याआधी काही महिने फक्त मराठी शिकवावी, आणि तीही मराठी कुटुंबात राहून. दरवर्षी नवी जागा देण्याऐवजी पूर्ण अभ्यासक्रमभर एकच वस्ती द्यावी. आणि वर्षअखेरीस विद्यार्थ्याच्या कामाबद्दल प्राध्यापकांच्या आधी वस्तीतल्या बायाबापड्यांना विचारावे. या तिन्हींसाठी नवी इमारत लागत नाही की मोठा निधी. वेळापत्रक तेवढे बदलावे लागेल, आणि ते येत्या जूनपासूनही बदलता येईल.