कायमचा पत्ता

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, मी डेहराडूनला असताना, रात्री साडेनऊला आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त सुभेदार, वय 76. रात्री नऊला झोपणारा माणूस साडेनऊला फोन करतो म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

"काय काळजी करू नगंस. समदी बरी हायत," ते म्हणाले. "घर काढायचं ठरवलंय. तुला सांगून ठेवतोय."

सांगून ठेवतोय. विचारतोय नव्हे. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. मग म्हणालो, "आप्पा, हे काय मधेच? तुम्ही काहीही करू नका, मी सुट्टीवर आलो की बोलू."

त्या फोननंतर जे झालं, त्यातून माझं एक मत बनलं आहे आणि ते इथं स्पष्ट लिहितो. आईवडिलांना राहतं घर विकून लहान जागेत जायचं असेल, तर मुलांनी आडवं येऊ नये. आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांनी हातपाय धड असतानाच करावं. मुलांवर सोडू नये.

आता आधी माझा विरोध का होता ते सांगतो, कारण त्यात माझं काही फार शोभून दिसत नाही.

साताऱ्याचा तो प्लॉट आप्पांनी 1990 मध्ये घेतला. 1993 ला पेन्शनीवर आले, पेन्शन विकून आलेल्या पैशात तळमजला बांधला. वरचा मजला 2006 चा. तो माझ्यासाठी. "पोरगा रिटायर होऊन हितंच येणार," असं ते गवंड्याला सांगायचे. वर जायला चौदा पायऱ्या, दोन खोल्या, एक गच्ची, गच्चीतून समोर अजिंक्यतारा. ऑफिसरला वर्षाला 60 दिवस वार्षिक सुट्टी आणि 20 दिवस कॅज्युअल, तीही मिळेल तेव्हा. त्यातली निम्मी सासुरवाडी, लग्नकार्यं आणि रेल्वे यांत जाते. एकदा बसून हिशोब केला. एकोणीस वर्षांत त्या वरच्या मजल्यावर मी झोपलो त्या रात्री दोनशेसुद्धा भरत नाहीत.

पण 1997 मध्ये एनडीएचा फॉर्म भरला तेव्हापासून प्रत्येक कागदावर 'कायमचा पत्ता' या रकान्यात तेच घर आहे. शेजारचा 'सध्याचा पत्ता' दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहिला. आजवर तेरा क्वार्टर झाली, लेकीच्या आठ शाळा झाल्या. एवढी भटकंती करताना मागं एक जागा हलत नाही, याचा मला आधार होता. ती जागा हलू नये म्हणून दोन म्हातारी माणसं गळक्या स्लॅबखाली राहत होती, हे मात्र मी सोयीनं विसरलो होतो.

आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती चार वर्षांत वरच्या मजल्यावर गेली नव्हती. दर पावसाळ्याआधी गच्चीवर प्लॅस्टिक अंथरायला आप्पा शिडी लावून चढायचे. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी फोन करून मुद्दे मांडले. आयुष्यभराची कमाई आहे. भाव अजून वाढतील. नातवंडांनी सुट्टीत जायचं कुठं?

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुजा कायमचा पत्ता राखायला मी आनि किती वर्सं संत्री ड्यूटी करायची, तेवढं सांग."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी वाद घालतच राहिलो असतो. पण त्याच महिन्याच्या शेवटी डेहराडूनमध्ये एक कोठी रिकामी होताना पाहिली.

डेहराडूनच्या डालनवाला भागात जुन्या कोठ्या आहेत. मोठं आवार, लिचीची आणि आंब्याची झाडं, फाटकावर नाव आणि त्याखाली 'रिटायर्ड'. आमच्या रेजिमेंटचे एक वयोवृद्ध कर्नलसाहेब अशाच एका कोठीत एकटे राहायचे. चार बेडरूम होत्या, वापरात एक. मेमसाब जाऊन पाच वर्षं झालेली. रेजिमेंटच्या कार्यक्रमांना ते ब्लेझर घालून यायचे आणि मला दर वेळी सांगायचे, की कोठी विकून छावणीजवळ लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा विचार आहे, मिलिटरी हॉस्पिटल जवळ पडेल. मुलगे दोघे परदेशात. त्यांचं म्हणणं, पापा, इतक्यात नको, आम्ही येऊन बघतो.

थंडीत एका रात्री ते बाथरूममध्ये पडले. सकाळी कामवाली आली तेव्हा कळलं. दीड महिन्यानं हॉस्पिटलमध्येच गेले. मे महिन्यात मुलगे पंधरा दिवसांची रजा काढून घर रिकामं करायला आले आणि मला फोन आला, रेजिमेंटचे जुने फोटो आहेत, मेसला हवेत का? मी वन-टन गाडी आणि दोन जवान घेऊन गेलो. झाडांवर लिच्या लाल व्हायला लागल्या होत्या. फाटकाशी कबाड्याची गाडी उभी, तिच्यात इनलँड पत्रांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे. आत थोरला मुलगा जिन्यावर बसला होता, मांडीवर फोटोंचा डबा. मला म्हणाला, "यातले पापा सोडून मी कुणालाच ओळखत नाही. तुम्ही ओळखता?" मीही दोघांपलीकडे ओळखू शकलो नाही.

तो मुलगा वाईट नव्हता. वडिलांवर त्याचा जीव होता, म्हणूनच तर घर विकू देत नव्हता. ती पत्रं ठेवायची की द्यायची, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो असताना कुणी त्याला ते काम करू दिलं नाही.

आपल्याकडे कुणीही चार्ज सोडताना स्वतः उभा राहून देतो. कंपनीचा असो, स्टोअरचा असो, नाहीतर साध्या क्वार्टरचा. एमईएसचा माणूस इन्व्हेंटरी घेऊन येतो, पंखे मोजतो, फुटलेली काच लिहून घेतो, मग मार्चिंग आउट होतं. वैताग येतो, पण पद्धत बरोबर आहे. काय आहे, काय नाही, काय मोडलंय, हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं. आपण तेरा क्वार्टरांचा चार्ज असा देतो, आणि ज्या घरासाठी पेन्शन विकली त्याचा चार्ज मात्र आपण गेल्यावर कुणीतरी देईल म्हणून सोडून देतो.

त्या संध्याकाळी मी आप्पांना फोन केला आणि म्हणालो, "काढा घर. माझी काय मदत पाहिजे ते सांगा."

मदत फार करता आली नाही. कामं त्यांनाच करावी लागली, आणि ती त्यांनाच जमण्यासारखी होती. प्लॉट त्यांच्या कमाईतून घेतलेला, त्यामुळे विकायचा अधिकार पूर्ण त्यांचा. वडिलोपार्जित असता तर आत्यांचे हक्क, हक्कसोड पत्र, त्याची नोंदणी, वारस नोंदी हे सगळं आलं असतं. ज्यांचं घर आजोबांच्या नावावर अजून तसंच आहे, त्यांनी विकायचं असो वा नसो, प्रॉपर्टी कार्ड आजच काढून बघावं. भाऊबंदकीची निम्मी प्रकरणं कुणीतरी वेळेवर न केलेल्या नोंदीतून सुरू होतात.

आमचं घोडं अडलं वरच्या मजल्यावर. 2006 ला बांधकामाचा परवाना घेतला होता, पण पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं राहून गेलं. चूक आमचीच. घेणाऱ्याला बँकेचं कर्ज हवं होतं, बँकेच्या वकिलानं तीस वर्षांचा शोध अहवाल काढला आणि नेमकं त्यावर बोट ठेवलं. पुढचे सात महिने आप्पा फाइल काखेत मारून हेलपाटे घालत होते. मूळ नकाशा, परवाना, 2006 च्या सिमेंट-सळईच्या पावत्या, सगळं त्यांच्या काळ्या ट्रंकेत तारखेवार लावलेलं निघालं. त्या पावत्या कराच्या हिशोबालाही कामी आल्या. ते नसते आणि मी लांबून ही फाइल हलवायला बसलो असतो, तर ती ट्रंक कुठं आहे इथूनच सुरुवात झाली असती.

कराचंही आधी समजून घ्यावं. 2001 पूर्वीची मालमत्ता असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीच्या नफ्यावर साडेबारा टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, यातला कमी पडेल तो कर भरता येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं, तर नफ्याचा जेवढा भाग त्यात गुंतवला तेवढ्यावर सवलत मिळते. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. एका चांगल्या सीएला फी देऊन कागदावर हिशोब करून घ्या. एजंटाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.

आता दुसरी बाजू. घर विकून देशोधडीला लागलेली म्हातारी माणसंही मी पाहिली आहेत. बहुतेक वेळा चूक विकण्यात नसते, पुढच्या पावलात असते. पैसे मुलांत वाटले, किंवा मुलाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये घातले आणि स्वतः त्याच्या एका खोलीत गेले. आप्पांनी हे केलं नाही आणि मी त्यांना करू दिलं नसतं. नवी जागा दोघांच्या नावावर आहे, उरलेले पैसे दोघांच्या नावावर आहेत. आईवडिलांचा सांभाळ आणि कल्याण यासाठी 2007 चा कायदा आहे खरा, पण कायद्याच्या दारात जायची वेळ न आणणं आपल्या हातात असतं.

दुसरी गोष्ट मी आप्पांकडून शिकलो. बहिणीनं त्यांना पुण्याला बोलावलं, तिच्याच सोसायटीत फ्लॅट होता. ते गेले नाहीत. ईसीएचएस पॉलिक्लिनिक इथं आहे, कँटीन इथं आहे, सकाळी फिरायला बरोबर येणारे पलटणीतले तीन सोबती इथं आहेत. "घर बदलायचंय, गाव न्हाई," म्हणाले. आयुष्यभर ज्यांच्यापुढं रोज सलाम-नमस्कार झाला, त्यांना एकदम अनोळखी शहरात सातव्या मजल्यावर नेऊन बसवायचं, हे मला आता क्रूर वाटतं. शक्य असेल तर त्याच गावात, त्याच डॉक्टरच्या टप्प्यात लहान जागा बघावी.

फेब्रुवारीत मी सुट्टी काढून गेलो. घेणारे एक तरुण शिक्षक जोडपं, दोन जुळी पोरं. आप्पांनी वहीच्या पानावर यादी केली होती. मोटरचं बटण कोणतं, गटार कुठं तुंबतं, बोअरचं पाणी एप्रिलनंतर किती वेळ चालवायचं, पारिजातकाची कोणती फांदी विजेच्या तारेला लागते. गच्ची कुठं गळते तेही लिहिलं होतं. मी हळूच म्हणालो, "आप्पा, हे कशाला सांगताय?" ते म्हणाले, "डेफिशियन्सी लपवून चार्ज देत न्हाईत." त्या शिक्षकानं यादीखाली सही केली तेव्हा कुठं त्यांनी किल्ल्या दिल्या. प्रत्येक किल्लीला खोलीच्या नावाची चिठ्ठी होती. आई तेवढ्यात पारिजातकाच्या बिया पदरात गोळा करत होती.

मला वाईट वाटलं, वाटत नाही असं नाही. चौदा पायऱ्या चढून एकदा गच्चीवर जाऊन आलो. खाली आलो तर जुळी पोरं वर पळत निघाली होती आणि त्यांची आई ओरडत होती, हळू जा म्हणून.

मला निवृत्त व्हायला अजून आठ वर्षं आहेत. बंगल्याचं एक चित्र आम्ही नवराबायकोनं बरीच वर्षं मनात ठेवलं होतं. परवा ती म्हणाली, दोन खोल्यांवर भागणार नाही का आपलं? भागेल असं वाटतं. निदान वरचा मजला लेकीच्या नावानं बांधायचा नाही, एवढं ठरलंय.

युनिटला परत आल्यावर रेकॉर्डमधला पत्ता बदलायला हेडक्लार्कला सांगितलं. साहेब पौडीकडचे. त्यांच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपं आहेत, त्यांच्या स्वतःच्याही. फॉर्म पुढं करून त्यांनी विचारलं, "सर, परमानेंट वाला भी चेंज करना है?" हो म्हणालो, आणि लिहिलं: फ्लॅट क्रमांक 2, तळमजला, सातारा.