नगराच्या पंचसूना

आश्विनातील घटस्थापना झाली की नागपूरकरांची पावले कोराडीच्या जगदंबेकडे वळतात. तेथे देवळाच्या कळसासमवेत औष्णिक विद्युत केंद्राची उत्तुंग धुरांडीही भाविकांच्या दृष्टीस पडतात. त्यांचा आपल्या घराशी काय संबंध, असे कोणी विचारील, म्हणून हा विचार.

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या 'पंचसूना' सांगितल्या आहेत. सूना म्हणजे घरच्या सुना नव्हेत, तर हिंसेची स्थाने. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांपाशी नकळत जीवहिंसा घडते. ती टळत नाही, म्हणून पंचमहायज्ञांनी तिची नित्य फेड करावयाची. जे घरास, तेच नगरास. २०२० साली जगातील हरितगृह वायूंपैकी सुमारे ७० टक्के वायू शहरांच्या उपभोगापायी निर्माण झाले, असा शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा अंदाज आहे.

पहिली सूना विजेची. कोराडीत प्रत्येकी ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत. शेजारच्या खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट आहे. कोळशापासून १ युनिट वीज निर्माण करताना सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अंगणात पडलेली राख दिसते. हा वायू दिसत नाही, मात्र शतकानुशतके वातावरणात राहून पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. ही वीज साऱ्या राज्याच्या जाळ्यात जाते, हे खरे. परंतु मागणाऱ्यांत आपणही आहोत. वैशाखात पारा ४५ अंशांपुढे गेला की वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरऐवजी वातानुकूलन यंत्र येते. खोली थंडावते, गल्ली तापते आणि कोळसा अधिक जळतो.

दुसरी सूना वाहनांची. १ लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो तोच वायू निघतो. वर्धा मार्ग, बेसा, हिंगणा अशा दिशांनी नगर पसरले. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे. मार्च २०१९ पासून मेट्रो धावू लागली. पण स्थानकापासून घरापर्यंत बस नसेल, तर दुचाकी सुटत नाही.

तिसरी सूना कचऱ्याची. भांडेवाडीच्या ढिगाऱ्यात ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन निर्माण होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. निर्माल्य आणि उष्टे अन्न तेथे गेले, तर तेही याच हिशेबात येते.

चौथी सूना बांधकामाची. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना इंधन जळतेच. शिवाय त्या दगडातूनही हा वायू निघतो. भट्टी चंद्रपूर जिल्ह्यात, सिमेंटचा रस्ता नागपुरात. मग दोष कोणाच्या पदरी घालावा?

पाचवी सूना पाण्याची. पेंचचे पाणी घरोघर चढविण्यास वीज लागते आणि शुद्धीकरणाविना साचलेल्या सांडपाण्यातून मिथेन निघतो. येथे फेडीचे एक उदाहरणही आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्रास दिले जाते, त्यामुळे तेवढे गोडे पाणी वाचते.

वाचकहो, केवळ माणसे वाढली म्हणून हे घडले, असे म्हणणे अपुरे आहे. नगर कसे वसले, लोक कशाने प्रवास करतात, वीज कशापासून होते, यांवर सारे अवलंबून असते. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी २ संचांविषयी जनसुनावणी झाली, तेव्हा विरोधाचा स्वरही उमटला. धुरांड्यांखाली राहणाऱ्यांचा तो प्रश्न बटण दाबणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

या नवरात्रात निर्माल्याचे खत करावे, ओला कचरा वेगळा ठेवावा, ऐपत असल्यास छतावर सौर तावदाने बसवावीत. परंतु तेवढ्याने फेड पुरी होत नाही. बसगाड्या, झाडांची सावली आणि कोळशाविना वीज यांचा आग्रह नगराच्या कारभाऱ्यांकडे धरणे, हेही गृहस्थाचे नित्यकर्मच मानावे.