क्रिश्चन एरिकसन आणि शिकलेले हात

वाचकहो, फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत आपण वर्तमानपत्रात वाचता, तेव्हा गोल कोणी केला हे ठळक अक्षरांत सापडते. परंतु तो चेंडू गोल करणाऱ्याच्या पायापर्यंत कोणी पोचविला, हे शोधावयाचे तर मजकुराच्या आत शिरावे लागते. तेथे बहुधा मध्यफळीतील एखाद्या खेळाडूचे नाव आढळते. बचाव आणि आघाडी यांच्या मध्ये उभे राहावे, चेंडू येण्यापूर्वीच कोणता सहकारी कोठे मोकळा आहे हे हेरावे आणि योग्य क्षणी चेंडू त्याच्या स्वाधीन करावा, हे त्याचे काम. डेन्मार्कचा क्रिश्चन एरिकसन हा या कामात आपल्या पिढीतील निष्णातांपैकी एक होय. त्याच्या कारकिर्दीत प्रत्येक घराने ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट घडली आहे. म्हणून तिची हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

एरिकसनचा जन्म १४ फेब्रुवारी १९९२ रोजी फ्यून बेटावरील मिडलफार्ट या लहानशा गावी झाला. वडील मुलांना फुटबॉल शिकवीत. त्यामुळे चालता येऊ लागले न लागले तोच चेंडू मुलाच्या पायाशी आला. पुढे तो त्याच बेटावरील ओडेन्से शहराच्या संघात गेला. परीकथांचा जनक हॅन्स अँडरसन याचे जन्मगाव म्हणून आपल्यापैकी अनेकांना हे शहर ठाऊक असेल. २००८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो घर सोडून हॉलंडमधील अ‍ॅजॅक्स या नामांकित संघाच्या प्रशिक्षणवर्गात दाखल झाला. २०१० मध्ये तो डेन्मार्ककडून प्रथम खेळला आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या विश्वचषक स्पर्धेतील सर्वांत लहान वयाचा खेळाडू ठरला. अ‍ॅजॅक्सबरोबर २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे त्याने डच साखळी स्पर्धेचे विजेतेपद अनुभवले.

२०१३ साली लंडनच्या टॉटनहॅम संघाने त्यास आपल्याकडे घेतले. तेथे त्याने ३०५ सामन्यांत ६९ गोल केले. पण त्याहून अधिक गोल त्याने इतरांना करून दिले असे पाहणारे सांगतात, व ते खरे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात डब्लिन येथे आयर्लंडविरुद्ध एकट्याने तीन गोल करून त्याने आपल्या देशास विश्वचषक स्पर्धेत नेले. २०१९ मध्ये टॉटनहॅम प्रथमच युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोचला व तेथे लिव्हरपूलकडून पराभूत झाला. २०२० च्या जानेवारीत एरिकसन इटलीतील इंटर मिलान संघात गेला आणि २०२१ च्या वसंतात त्या संघाने अकरा वर्षांनी इटलीचे अजिंक्यपद मिळविले.

त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, १२ जून २०२१ रोजी, कोपनहेगन येथे डेन्मार्कचा फिनलंडशी सामना चालू होता. पहिला डाव संपत आला असता सीमारेषेजवळ आपल्याकडे येणाऱ्या चेंडूसाठी एरिकसन पुढे झाला आणि कोणाचाही धक्का लागलेला नसताना कोसळला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. अनेक घरांनी तो क्षण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला असेल. पंचांनी तत्काळ खेळ थांबवून डॉक्टरांना बोलाविले. कर्णधार सिमॉन क्येर याने धावत येऊन मित्राचा श्वासमार्ग मोकळा राहील अशी दक्षता घेतली. डॉक्टर पोचले तेव्हा रुग्णाचा श्वास चालू होता व नाडी लागत होती. पण पाहता पाहता दोन्ही थांबली. छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात झाली, विद्युत्-धक्क्याचे यंत्र आणले गेले आणि एका धक्क्यानंतर हृदय पुन्हा चालू लागले. त्या वेळी सहकाऱ्यांनी बाहेरच्या बाजूस तोंड करून त्याच्याभोवती कडे केले होते. प्रेक्षागारात फिनलंडचे लोक ‘क्रिश्चन’ अशी हाक देत आणि डेन्मार्कचे लोक ‘एरिकसन’ असे प्रत्युत्तर देत.

रुग्णालयात त्याच्या शरीरात एक छोटे यंत्र बसविण्यात आले. ते हृदयाच्या गतीवर सतत नजर ठेवते व गती धोकादायक रीतीने बिघडल्यास आतूनच धक्का देते. इटलीच्या नियमांनुसार असे यंत्र असलेल्या खेळाडूस तेथे खेळता येत नाही. म्हणून २०२१ च्या डिसेंबरात त्याचा इंटरशी असलेला करार उभयसंमतीने संपला. एकोणतिसाव्या वर्षी तो बेकार झाला. परंतु तो ओडेन्सेच्या आणि नंतर अ‍ॅजॅक्सच्या जुन्या मैदानांवर जाऊन सराव करीत राहिला. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, कोसळल्यापासून २५९ दिवसांनी, तो लंडनच्या ब्रेंटफर्ड संघातर्फे पुन्हा मैदानात उतरला. त्याच मार्च महिन्यात आपल्या देशासाठी खेळावयास आल्यावर दोन मिनिटांच्या आतच त्याने गोल केला. पुढे तीन वर्षे तो मँचेस्टर युनायटेडमध्ये होता. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोल केला. २०२५ च्या सप्टेंबरात तो जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग संघात गेला.

ही हकीकत ऐकून आपण म्हणाल, “भाग्यवान मनुष्य!” भाग्य होतेच, मैदानाच्या काठावर डॉक्टर आणि यंत्र सज्ज होते. पण हृदयक्रिया अशी अकस्मात थांबण्याचे प्रसंग बहुतांशी घरांतच घडतात, आणि तेथे डॉक्टर नसतो. पत्नी असते, मुलगा असतो, शेजारी असतो. डेन्मार्कने याचा विचार आधीच केला होता. २००५ पासून तेथील शाळांत आणि २००६ पासून वाहन चालविण्याचा परवाना घेणाऱ्यांना हे प्रथमोपचार शिकविणे सक्तीचे करण्यात आले. २००१ मध्ये तेथे अशा १०० रुग्णांपैकी सुमारे २१ जणांनाच जवळच्या माणसाची मदत मिळे. २०१० मध्ये ती संख्या सुमारे ४५ झाली. महिनाभरानंतर जिवंत असणारे त्याच काळात १०० मागे सुमारे ४ वरून सुमारे ११ वर गेले. रुग्णवाहिका व रुग्णालये यांतील सुधारणांचाही यात वाटा आहे. तरी मिनिटामिनिटाला जीव हातातून निसटत असता जवळच्या माणसाचे हात किती मोलाचे ठरतात, हे यावरून उमगेल.

ते हात काय करतात, हे समजून घेणे अवघड नाही. कोणी अचानक कोसळल्यास त्याचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर कोणास तरी ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगावे. अधूनमधून आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा श्वास समजू नये. रुग्णास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवावा आणि कोपर न वाकविता मिनिटास १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये; थकल्यास दुसऱ्याने हात लावावा. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल, तर प्रौढ रुग्णास नुसता दाब दिला तरी उपयोग होतो. तोंडात पाणी घालणे किंवा कांदा हुंगविणे यात मात्र मोलाचा वेळ जातो.

अर्थात् हे वाचून ते अंगवळणी पडणार नाही. आपल्या गावच्या रुग्णालयात वा शाळेत त्याचे शिक्षण मिळते का, याची चौकशी करा. मिळत नसल्यास मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतीकडे मागणी करा. घरातील मोठ्या मुलामुलींनाही बरोबर न्या. एरिकसनसाठी धावून आलेल्यांना काय करावयाचे हे त्या सायंकाळी सुचले नव्हते. ते त्यांनी आधी शिकून ठेविले होते.