काळ्या टी-शर्टातला करुणरस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या मुलांचा मी गेली पस्तीस वर्षं 'काका' आहे. बँकेत होतो तोवर शेजारी फॉर्म भरून घ्यायला यायचे. निवृत्तीनंतर दोन-चार कादंबऱ्या छापून आल्या आणि शाळेच्या निबंधांपासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत सारं माझ्याकडे येऊ लागलं. पण २०२५ च्या जुलैअखेरीस तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या त्या रिकाम्या हातांनी. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या मुलाशी जरा बोला. कोणी एक इंग्रज गायक गेला म्हणून तो दोन दिवस धड जेवलेला नाही. रात्री रडताना ऐकलं मी त्याला. त्याचे बाबा गेले तेव्हा या मुलाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं."

वडील गेले २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मुलगा तेव्हा अठराचा. इस्पितळातून फोन आला आणि पुढचं सारं प्लास्टिकचा पोशाख घालून, लांब उभं राहून, पंधरा मिनिटांत उरकलं. खांद्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोरगा घरातला कर्ता झाला. आता तो ऐरोलीला अमेरिकेच्या घड्याळावर रात्रपाळी करतो आणि सकाळी उजाडता उजाडता घरी येतो. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर काट्याकुट्यांसारखी, वाचता न येणारी अक्षरं. लिफ्टमध्ये भेटला की "काय काका" एवढंच.

मी गेलो तो उपदेशाची तयारी करूनच. तो मात्र म्हणाला, "काका, आधी ऐका, मग बोला." आणि त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

गेलेला गायक होता ओझी ऑस्बोर्न. 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लंडमधल्या चौघांच्या बँडचा आवाज. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधल्या ॲस्टन या आपल्या जुन्या वस्तीत, व्हिला पार्कच्या मैदानावर, कंपवातानं जखडलेला हा माणूस सिंहासनवजा खुर्चीत बसून शेवटचं गायला आणि सतराच दिवसांनी, २२ जुलैला, वयाच्या ७६ व्या वर्षी गेला. पोरानं मला ऐकवला तो या चौघांचा पहिला अल्बम, १९७० च्या फेब्रुवारीतला. "तुमच्या काळातला आहे काका, तुम्हाला झेपेल," असंही वर म्हणाला.

सुरुवातीला नुसता पाऊस. मग दूर कुठे गडगडाट आणि त्यात चर्चची घंटा. बराच वेळ दुसरं काही नाही. आणि मग गिटारवर तीनच स्वर, जड पावलांनी चालावं तसे. खरं सांगतो, मी हादरलो. पण त्यात अनोळखी असं काही नव्हतं. कुठेतरी हे ऐकलंय असंच वाटत राहिलं.

बोट गेलेला कामगार

ते तीन स्वर वाजवणाऱ्या टोनी आयॉमीची गोष्ट सांगायला हवी. हा मुलगा बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारांवर फिरणारी बोटं नेमकी हीच. निराश होऊन घरी बसलेल्या त्या पोराला कारखान्याच्या व्यवस्थापकानं एक तबकडी ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सुरावट वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टची. आयॉमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं आणि पुन्हा वाजवायला बसला. बोटं दुखू नयेत म्हणून तारा हलक्या घेतल्या आणि पुढे ढिल्याही सोडल्या. त्यातून स्वर खाली उतरला, खर्जातला आणि काळोखा झाला. आज जगभर ज्याला 'मेटल' म्हणतात त्या संगीताचा नाद घडण्यात या दुखऱ्या बोटांचा वाटा मोठा आहे. ओझीही काही दिवस कत्तलखान्यात राबलेला. धातूच्या शहरातल्या, कामगारांच्या घरातल्या या मुलांनी त्या वेळच्या फुलाफुलांच्या प्रेमगीतांना दिलेलं ते उत्तर होतं.

हे ऐकताना मला माझी भांडुपची शाखा आठवली. लालबहादूर शास्त्री मार्गावर मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत तेव्हा कारखान्यांची रांग होती. कामगारांची पगाराची खाती आमच्याकडे. अधूनमधून एखादा जण हाताला पट्टी बांधून काउंटरवर यायचा. पॉवर प्रेसमध्ये बोट गेलेलं. त्याची सही आता नमुन्याशी जुळत नसे. मी नवं कार्ड पुढे करायचो, तो वाकडीतिकडी नवी सही करायचा आणि मी तिच्यावर शिक्का मारायचो. त्या माणसाला कसं वाटत असेल, हे विचारायचा रकाना कार्डावर नव्हता. पुढे त्या रस्त्यावरचे पुष्कळ कारखाने गेले, मॉल आणि टॉवर आले. कुर्ल्याला जिथे प्रीमियरच्या मोटारी तयार व्हायच्या तिथे आज वसाहत उभी आहे. बापांचे भोंगे थांबले आणि मुलं रात्रपाळीला ऐरोलीला जाऊ लागली. सोसणं मात्र थांबलं नाही.

संधिप्रकाशाचा स्वर

आता त्या तीन स्वरांकडे येऊ. पहिला षड्ज धरला, तर दुसरा त्याच्याच वरचा तार षड्ज आणि तिसरा तीव्र मध्यम. बस्स. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधल्या या अंतराला जुने पाश्चात्त्य संगीतशास्त्री 'संगीतातला सैतान' म्हणत, कारण ते कानाला स्वस्थ बसू देत नाही. आपल्याकडे याच तीव्र मध्यमाला कोणी सैतान म्हटलं नाही. त्याला सूर्यास्ताची वेळ नेमून दिली. मारव्यात तो आहे, कोमल ऋषभ आहे आणि आधाराला पंचम नाही. षड्जावर विसावायचं तेही गायक लांबवत नेतो. वसंतराव देशपांड्यांचा मारवा ज्यांनी ऐकला आहे त्यांना ती घालमेल सांगायला नको. दिवस संपलेला असतो, दिवा लागलेला नसतो आणि घरातलं कोणीतरी अजून परतलेलं नसतं. मारवा ऐकून कोणी बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. आपण त्याला दाद देतो.

रसांचंही तसंच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत करुण आहे, रौद्र आहे, भयानक आहे, बीभत्ससुद्धा आहे. (मुंबईत २००३ साली निघालेल्या एका मेटल बँडचं नाव 'भयानक मौत' आहे हे कळल्यावर मला आधी हसू आलं. मग वाटलं, पोरांनी नकळत का होईना, शास्त्राला धरूनच नाव ठेवलंय.) करुणरसातून आनंद कसा मिळतो, या प्रश्नावर आपल्या समीक्षकांनी किती शाई खर्च केली! ब्लॅक सॅबथचा हा अल्बम आला त्याच १९७० च्या डिसेंबरात मराठी रंगभूमीवर 'नटसम्राट' आलं. एका म्हाताऱ्या नटाची धूळधाण पाहायला माणसं तिकीट काढून येत, हुंदके देत आणि हलकी होऊन घरी जात. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी आपल्या आज्या रडल्या. त्यांनाही स्वतःचं काहीतरी रडायचं राहिलेलं असणार. सिंधूच्या निमित्तानं ते वाहून गेलं.

मी पोराला विचारलं, "पण यात तुला मिळतं काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा गेल्यापासून जो तो मला सांगतो, सगळं ठीक होईल. गाणीपण तेच सांगतात. हे एकच संगीत तसं सांगत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये तेच वाक्य त्याला सांगणाऱ्यांत मीही होतो.

रंगभवन ते अंधेरी

नंतर त्यानं आपल्याच मुंबईचा एक अल्बम लावला. 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा 'द रिटर्न टू डार्कनेस', २०१० चा. साहिल मखिजा या मुंबईकर तरुणानं २००० साली हा बँड काढला आणि अंधारावरच्या तीन रचनांची मालिका या अल्बमनं पुरी केली. इथे सॅबथचा संथपणा नाही. ढोल अंगावर धावून येतात, गायक गुरगुरतो. मी हेडफोन काढणार एवढ्यात की-बोर्डचे लांबलचक सूर धुक्यासारखे पसरले आणि तोच गायक स्वच्छ, दुखऱ्या गळ्यानं गाऊ लागला. शब्द मला फारसे कळले नाहीत. पण कोणीतरी आधी ओरडून घेतो आणि मगच त्याला नीट बोलता येतं, एवढं कळलं. याच बँडनं २०१७ साली दशावतारांवर दहा गाण्यांचा अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कोकणातल्या देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटकं पाहिलेल्या माणसाला त्या आरडाओरड्याचं फार नवल वाटू नये.

या संगीताला मुंबईत जागा मात्र कायम भाड्याचीच मिळाली. धोबीतलावच्या रंगभवनात १९८० च्या दशकापासून 'इंडिपेंडन्स रॉक'ला पोरं गर्दी करत. शेजारी कॉलेज, इस्पितळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि पुढच्या काही वर्षांत तिथला आवाज बंद झाला. नियम चूक नव्हता. रुग्णाला झोप हवीच. पण पर्यायी जागा कोणी दिली नाही. मग जुहूतल्या हॉटेलातली एक खोली, पवईला आयआयटीचा 'मूड इंडिगो', अंधेरीचं चित्रकूट मैदान असा मुक्काम हलत राहिला. 'आयर्न मेडन'सारखा परदेशी बँड २००८ साली वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गेला, पण इथली पोरं दिवसा नोकऱ्या करून, खिशातले पैसे घालूनच वाजवत राहिली. त्यांच्यापैकी कोणी कर्जाचा अर्ज घेऊन आला असता, तर मी तो पहिल्या पानावरच नाकारला असता. तारण काय, तर गिटार! २०१० सालीच डेमॉनिक रिझरेक्शनला लंडनमध्ये 'मेटल हॅमर' या मासिकाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ते फारसं कोणाच्या गावीही नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला आणि मोठ्या मैदानांचे, परदेशी पाहुण्यांचे हिशोब सुरू झाले. चांगलंच आहे. पण मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या मुलांना लागतं ते पन्नास-शंभर माणसांचं, आवाज बाहेर न जाणारं एखादं साधं सभागृह. नाट्यगृहं आपण लढून मिळवली. त्यातलाच एक कोपरा या पोरांना देता येणार नाही का?

भीती आणि काळजी

वहिनींची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिला इतिहास आहे. अमेरिकेत दोन तरुणांच्या मृत्यूला 'जुडास प्रीस्ट'चं गाणं कारणीभूत असल्याचा दावा नेवाडाच्या न्यायालयात गेला. १९९० साली न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरलं नाही. नॉर्वेत तर १९९२ च्या सुमारास या संगीताच्या काही माथेफिरूंनी जुनी लाकडी चर्च जाळली, खूनही पाडले. हे घडलं आहे आणि त्याला कलेचं पांघरूण घालता येत नाही. दुसऱ्या पारड्यात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा २०१५ चा प्रयोग आहे. असं संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना त्यांचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. शांत बसलेल्यांइतकाच तो निवळला आणि वर त्यांना उभारी आल्यासारखं वाटलं. प्रयोग लहान आणि माणसं आधीच या संगीताची चाहती, तेव्हा त्यावरून फार मोठी विधानं करू नयेत. पण अंधाराचं गाणं अंधार पेरतंच, असं म्हणण्याला त्यातून आधार मिळत नाही.

मग आईबापांनी पाहायचं काय? टी-शर्टाचा रंग नव्हे. मुलगा झोपतो का, जेवतो का, मित्रांशी बोलतो का, पूर्वी आवडणारं काही अजून आवडतं का, ते पाहावं. हे सुटत चाललं असेल, 'जगण्यात काय अर्थ' अशी भाषा येत असेल, तर गाण्याशी भांडत न बसता डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. आणि हे सुटलेलं नसेल, तर हेडफोन हिसकावू नये. दुसरा मागावा.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की पोरगा त्या इंग्रजासाठी रडत असेल, तसा वडिलांसाठीही रडत असेल. चार वर्षं उशिरा का होईना. त्या काही बोलल्या नाहीत.

गणपतीच्या आधी एकदा भेटल्या. म्हणाल्या, "ऐकलं हो भाऊजी, त्याच्या शेजारी बसून. दोन मिनिटांतच काढून ठेवलं, डोकं उठतं." जिना उतरता उतरता थांबल्या. "सुरुवातीचा तो पाऊस मात्र चांगला आहे. ह्यांना पाऊस फार आवडायचा. त्याला ते सांगितलं, तर म्हणाला, आई, मला माहीत आहे."